फटाका सायलेन्सरचा, आळ कार्बोरेटरवर

उतारावरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि पाठीमागे सायलेन्सरमधून 'फट्‌ फट्‌' असे दोन-तीन बार उडावेत, हा अनुभव शहरी रस्त्यांना नवा नाही. शेजारून चालणारी माणसे दचकतात आणि चालक मनाशी ठरवतो, की उद्या गॅरेजमध्ये जाऊन कार्बोरेटर साफ करून घ्यावा. गॅरेजमध्येही बहुतेक वेळा पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरवरच चालतो. दोन-चार दिवस आवाज थांबतो, पेट्रोल थोडे अधिक लागू लागते आणि आठवडाभरात बार पुन्हा सुरू होतात. कार्बोरेटर हा या प्रकरणातील महत्त्वाचा साक्षीदार आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येक वेळी आरोपी तोच असतो, असे मात्र नाही.

१ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज-६' हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तथापि त्यापूर्वी विकल्या गेलेल्या स्प्लेंडर, अ‍ॅक्टिव्हा, पल्सर, बुलेट अशा असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या पेट्रोलच्या टाकीखाली हे जुने यंत्र इमानेइतबारे काम करीत आहे. त्या गाड्यांच्या मालकांनी हा आवाज नेमका कसा निर्माण होतो, हे एकदा समजून घेणे त्यांच्याच खिशाच्या हिताचे आहे.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी ठराविक प्रमाणात मिसळली तरच. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. व्यवहारातील मापांत सांगायचे तर एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिनाला सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढून घ्यावी लागते. हवेचे प्रमाण १२ ते १३ पट असेल तेव्हा इंजिनाला जोर अधिक मिळतो. १५-१६ पट असताना मायलेज चांगले मिळते. याहून हवा वाढली की मिश्रण 'लीन' होते आणि पेट्रोल वाढले की 'रिच', ही गॅरेजची भाषा आता वाहनचालकांच्याही परिचयाची झाली आहे. लीन मिश्रण सावकाश जळते, आणि फारच लीन झाले तर प्लगच्या ठिणगीला दादच देत नाही. बॅकफायरच्या बहुतेक प्रकरणांचे मूळ या एका वाक्यात आहे.

हवा-पेट्रोलचा हा मेळ घालण्याचे काम कार्बोरेटर करतो, आणि तेही कोणत्याही मोटरशिवाय, विजेशिवाय. नळी मध्येच अरुंद केली तर तेथून वेगाने वाहणाऱ्या प्रवाहाचा दाब कमी होतो, हे निरीक्षण इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी याने १७९७ मध्ये मांडले होते. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून धावते, तेथील दाब घटतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल एका बारीक छिद्रातून फवाऱ्यासारखे वर खेचले जाते. वाटीतील पेट्रोलची पातळी कायम ठेवण्यासाठी फ्लोट असतो. पाण्याच्या टाकीतील बॉलकॉकचेच हे धाकटे भावंड. सर्व मोजमाप छिद्रांच्या आकारावर चालते. ही छिद्रे म्हणजेच 'जेट'. गाडी वेगात असताना मेन जेट काम करतो, मधल्या टप्प्यात निमुळती सुई पेट्रोल नियंत्रित करते आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असताना सारी भिस्त पायलट जेटवर असते. लहान दुचाकीतील या पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. पेट्रोलमधील चिकट थराने ते किंचित आकसले तरी इंजिनाची उपासमार सुरू होते.

दोन वेगळे आवाज

बोलीभाषेत आपण ज्याला सरसकट बॅकफायर म्हणतो, त्यात वास्तविक दोन निराळ्या घटना आहेत. एक पुढच्या बाजूने, म्हणजे कार्बोरेटरमधून होते. दुसरी मागच्या बाजूने, सायलेन्सरमधून. पहिलीला शिंक म्हणता येईल. थंडीच्या दिवसांत चोक न ओढता गाडी सुरू केली आणि लगेच अ‍ॅक्सिलरेटर पिळला, की कार्बोरेटर 'फुस्स' किंवा 'ठुस्‌' करून शिंकतो. थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, त्यातच अचानक हवा वाढते आणि मिश्रण लीन होते. लीन मिश्रण सावकाश जळत असल्याने जळलेला वायू बाहेर टाकण्याची फेरी संपत आली तरी सिलिंडरमध्ये ज्योत शिल्लक राहते. पुढच्या घोटासाठी आत येण्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती ज्योत उलट्या वाटेने कार्बोरेटरकडे झेपावते.

आत येण्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर हीच शिंक गरम इंजिनातही ऐकू येते. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. टॅपेटचा 'टक टक' आवाज ऐकून अस्वस्थ होणारे मालक मेकॅनिकला तो बंद करायला सांगतात. मेकॅनिक टॅपेट घट्ट करतो, आवाज बंद होतो, मालक खूष होतो. परंतु टॅपेटमधील ती बारीक फट कंपनीने विचारपूर्वक ठेवलेली असते. ती नाहीशी झाली, की गरम होऊन लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दाब गळतो, ज्योत निसटते आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक करणारे इंजिन हे अगदी मुक्या इंजिनापेक्षा अनेकदा निरोगी असते.

दुसरा, म्हणजे सायलेन्सरमधील बार हा शहरात अधिक ऐकू येणारा प्रकार. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडीची चाके इंजिनाला फिरवत राहतात. कार्बोरेटरचा पडदा बंद असल्याने आत अगदी थोडे मिश्रण येते. त्यात आधीच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला असतो. असे मिश्रण पेट घेत नाही आणि जसेच्या तसे सायलेन्सरमध्ये जाऊन पडते. एवढ्याने बार उडत नाही. कारण सायलेन्सरमध्ये उष्णता असली तरी प्राणवायू जवळपास नसतो. तो कुठून तरी यावा लागतो. बेंड पाइप आणि इंजिन यांच्यामधील गॅस्केट गेलेले असेल, सायलेन्सरचा जोड सैल असेल किंवा गंजाने छिद्र पडले असेल, तर वायूच्या झटक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. मग पुढच्या फेरीतील ज्योतीने किंवा तप्त पाइपच्या स्पर्शाने तो सारा साठा एकदम पेटतो. याचा अर्थ असा, की कार्बोरेटर पूर्णपणे निर्दोष असतानाही चाळीस-पन्नास रुपयांच्या एका गॅस्केटमुळे गाडी फटाके फोडू शकते. जोडाभोवती काजळीचे काळे ओघळ दिसत असतील, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून आधी पाना हाती घ्यावा.

प्रदूषणाचे निकष कडक होऊ लागल्यावर आणखी एक पात्र या नाटकात आले. अनेक गाड्यांमध्ये न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्येच जाळून टाकावे, यासाठी इंजिनाच्या तोंडाशी बाहेरची स्वच्छ हवा सोडणारी नळी बसविण्यात आली. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच ही हवा बंद करणारा एक छोटा व्हॉल्व्हही तिच्यासोबत असतो. त्याला जाणारी बारीक रबरी नळी चिरली किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी जोडायची राहून गेली, तर ऐन नको त्या क्षणी सायलेन्सरला हवा मिळत राहते. काही कार्बोरेटरमध्ये याच्या जोडीला अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मिश्रण क्षणभर रिच करणारा रबरी पडदाही असतो. तो फाटला, की परिणाम तोच. या दोन फुटकळ भागांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही आणि कार्बोरेटर मात्र तीन-तीनदा खोलला जातो.

ठिणगीचा दोषही विसरता येत नाही. प्लग खराब, प्लगची टोपी सैल, वायर चिरलेली, जुन्या गाड्यांत पॉइंट जळालेले, अशा वेळी अधूनमधून एखादी ठिणगी चुकते. ज्याला आपण 'गाडी मिसिंग करते' असे म्हणतो, ते हेच. चुकलेल्या प्रत्येक ठिणगीमागे एक घोट कच्चे मिश्रण सायलेन्सरमध्ये जाते. ठिणगी उशिरा पडत असेल, तर जळणे पूर्ण होण्याआधीच बाहेरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बेंड पाइप तापून लालसर होतो. उलट ती फार लवकर पडली, तर किक मारणाऱ्याच्या पायाला झटका बसतो. जुन्या बुलेटच्या मालकांना हा प्रसाद परिचित आहे. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन योग्य जागी नेऊन मगच किक मारण्याचा जो विधी वडीलधारी मंडळी शिकवीत, तो नडगी वाचविण्यासाठीच होता. टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत तर असा झटका बसल्यावर ते चक्क उलट्या दिशेनेही फिरू लागू शकते.

टू-स्ट्रोकचा विषय निघालाच आहे, तर १९७२ मध्ये बाजारात आलेल्या चेतकची आठवण अपरिहार्य आहे. सकाळी कार्यालयात निघण्यापूर्वी स्कूटर तिरकी करून मग किक मारणारे गृहस्थ एका पिढीने घरोघरी पाहिले. त्यामागे अंधश्रद्धा नव्हती. गाडी कलंडवली, की वाटीतील पेट्रोलची पातळी बदलून थोडे जास्तीचे पेट्रोल आत वाहत असे; एका अर्थी तो हातचा चोकच होता. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग दर फेरीला न जळताच बाहेर निसटतो. त्यामुळे या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये बारासाठी लागणारी दारू कायम भरलेलीच असे, आणि तेलाच्या काजळीने सायलेन्सर चोंदला की तो काढून भट्टीत जाळून साफ करणे हा गॅरेजमधील नेहमीचा उद्योग होता.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचा बार सर्वांत मोठा. कार्बोरेटरच्या गाडीला मिक्सर पद्धतीचे सीएनजी किट बसवले, की एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतची संपूर्ण वाट पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेली राहते. सीएनजीला पेटविण्यासाठी ठिणगीही अधिक जोरदार लागते. प्लगकडे दुर्लक्ष झाले, की पुढच्या बाजूने असा स्फोट होतो, की फिल्टरचे झाकण उडावे. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सींपैकी सीएनजीवर धावलेल्या गाड्यांच्या चालकांना हे सांगण्याची गरज नाही.

हौसेचे फटाके

इथवरचे सारे बार अनवधानाचे. जाणूनबुजून उडविले जाणारे बार हा वेगळा आणि संतापजनक प्रकार आहे. भरधाव गाडीची चावी क्षणभर बंद करायची आणि पुन्हा चालू करायची, ही त्यातील प्रचलित युक्ती. चावी बंद केली की ठिणगी थांबते. परंतु कार्बोरेटरला चावीची खबर नसते. इंजिन फिरत आहे तोवर तो पेट्रोल पुरवीतच राहतो. हे कच्चे मिश्रण सायलेन्सरमध्ये साठते आणि चावी पुन्हा चालू होताच पहिल्या ज्वाळेने त्याचा भडका उडतो. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलही बंद होते, म्हणून तेथे ही युक्ती सहसा साधत नाही. सैल पडलेल्या इग्निशन लॉकमुळे हाच प्रकार चालकाच्या इच्छेविरुद्धही घडतो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

दुसरा मार्ग सायलेन्सर बदलण्याचा. आतील जाळी काढून टाकलेला, 'पंजाबी' किंवा 'इंदौरी' अशा नावांनी विकला जाणारा सायलेन्सर लावला, की आवाज तर वाढतोच. शिवाय वायूला अडथळा न राहिल्याने इंजिन अधिक हवा ओढते आणि जुन्याच मापाच्या जेटमुळे मिश्रण लीन होते. मग प्रत्येक सिग्नलला फटाके. दुचाकींच्या आवाजाची वैधानिक मर्यादा इंजिनाच्या आकारानुसार ७५ ते ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार, २०१९ मधील दुरुस्तीनंतर, अशा उल्लंघनाच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि वाहन परवानाही तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. पुणे, नागपूरसह अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, त्याची छायाचित्रे वेळोवेळी प्रसिद्ध झाली. रुग्णालयाच्या दारातही ज्यांचा हात चावीवरून हटत नाही, त्यांच्यावर अशा छायाचित्रांचा कितपत परिणाम होतो, हा प्रश्न उरतोच.

नवे पेट्रोल, जुने जेट

गेल्या काही वर्षांत कार्बोरेटरच्या गाड्यांची तक्रार वाढण्यामागे आणखी एक कारण चर्चेत आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर उपलब्ध झाले. उसाच्या पट्ट्यातील महाराष्ट्राला इथेनॉलची ओळख करून देण्याची गरज नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे ते जाळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट, तर इथेनॉलला केवळ ९ पट. वीस टक्क्यांच्या मिश्रणासाठी हे प्रमाण साधारण साडेतेरावर येते. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांमध्ये सायलेन्सरमधील सेन्सर हा फरक ओळखतो आणि पेट्रोल वाढवून देतो. कार्बोरेटरला मात्र फक्त छिद्राचा आकार कळतो. शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेला जेट नव्या इंधनावर सात-आठ टक्के लीन चालतो. जी गाडी मुळातच मायलेजसाठी लीन ठेवलेली होती, ती यामुळे सीमारेषेपलीकडे ढकलली जाऊ शकते.

तरीही सारा दोष इथेनॉलच्या माथी मारणे घाईचे ठरेल. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि जुन्या टाकीतील चिकटा सुटा करते, ही बाब गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास अधिक त्रासदायक असते. कोकणासारख्या दमट हवेत पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या वाटीत पाणी साचणे सहज शक्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांचे पायलट जेट ज्या कारणाने चोंदले, ते कारण इथेनॉलचे प्रमाण वाढण्यापूर्वीचेच होते. गाडी महिन्याहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून, वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून आतील पेट्रोल काढून टाकणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

मग कार्बोरेटरला हात लावायचा तरी कधी? प्रथम प्लग काढून पाहावा. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असेल, तर मिश्रण ठीक आहे आणि शोध सायलेन्सरच्या जोडाकडे वळवावा. टोक पांढुरके असेल, तर इंजिन लीन चालते आहे; पण त्याचेही कारण कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील रबराला गेलेली चीर असू शकते. रबर वाकवून पाहिले, की चीर दिसते. आयडलिंगला इंजिनाचा वेग आपोआप चढत-उतरत असेल, तर संशय बळावतो. टोक काळे, कोरड्या काजळीचे असेल, तर मिश्रण रिच आहे. एअर फिल्टर चोंदला आहे, चोक अडकला आहे किंवा फ्लोटची सुई झिजली आहे, हे पाहावे. एवढे सारे ठीक असेल तरच कार्बोरेटर उतरवावा. जेट तारेने किंवा सुईने कोरू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची रिच होऊन बसते. साफ करायचा द्रव आणि दाबाची हवा पुरेशी आहे.

हवेचा स्क्रू फिरविण्याबाबतही एक सावधगिरी आवश्यक आहे. काही कार्बोरेटरवर हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो. तो बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण लीन होते. काहींवर तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि पेट्रोल नियंत्रित करतो. तेथे तो बाहेर काढला की मिश्रण रिच होते. एकच आटा, परिणाम उलट. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर फसतो, तो येथे.

सायलेन्सरमधील अधूनमधूनचा एखादा बार गाडीची तातडीने हानी करीत नाही. तो रोजचा झाला, की मात्र हानी सुरू होते. सायलेन्सरच्या आतील पत्रे सुटतात आणि ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तेथे न जळलेले पेट्रोल त्याच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत जळून ती वितळवू शकते. कार्बोरेटरची शिंक अधिक गंभीर मानावी. अमेरिकेत १९४० नंतर पेट्रोल इंजिने बसवलेल्या नौकांच्या इंजिनावर अशी ज्योत अडविणारी जाळी सक्तीची आहे (बोटीबाहेर लावायची इंजिने वगळून), ती उगाच नाही. दुचाकीत हे काम बऱ्याच अंशी एअर फिल्टर करतो. 'पिकअप वाढतो' म्हणून फिल्टर काढून गाडी चालविणारे ही ढाल फेकून देत असतात. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल ठिबकत असेल आणि त्याच वेळी तो शिंकत असेल, तर किक मारण्याचा हट्ट धरू नये. आधी पेट्रोलचा कॉक बंद करावा, सांडलेले पेट्रोल पुसून उडून जाऊ द्यावे. तरीही ज्योत दिसलीच, तर पाणी ओतू नये. पाण्यावर तरंगणारे पेट्रोल आग पसरविते. कोरडी वाळू, माती किंवा पेट्रोल पंपावर असतो तसा पावडरचा अग्निशामक वापरावा, आणि गाडी इमारतीच्या वाहनतळात असेल तर शेजारच्या गाड्या आधी दूर कराव्यात.